सामूहिक वनहक्काचा दावा: फाईल प्रांत ऑफिसातून परत येऊ नये म्हणून

जून उजाडला की मुंबईतून फोन सुरू होतात. कधी दादरचं मंडळ, कधी बोरिवलीची सोसायटी, कधी अंधेरीच्या ऑफिसातली मुलं. प्रश्न ठरलेला: "ताई, शहापूरला रोपं किती आणू?" मी विचारते, "ज्या पाड्यावर लावणार, त्या पाड्याने जंगलावर दावा केलाय का?" मग पलीकडे शांतता.

रोपं लावण्यात वाईट काही नाही, पण क्रम चुकतो. उभं जंगल तुटलं किंवा जळलं की झाडात आणि मातीत साठलेला कार्बन थोड्या काळात हवेत जातो. तेवढा परत साठवायला रोपाला कित्येक दशकं लागतात. उभं जंगल राखणारी माणसं त्याच्या कडेलाच राहतात. ठेकेदाराला अडवायचा अधिकार त्यांच्या हातात कागदावर असेल आणि त्याच जंगलातल्या मोहावर, बांबूवर, शेवळांसारख्या रानभाज्यांवर त्यांचं घर चालत असेल, तर ती ते राखतात. असा कागद २००६ च्या वनहक्क कायद्याने देऊ केला आहे. त्याच्या कलम ३ मध्ये गावाच्या पारंपरिक जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कागदोपत्री नाव सामूहिक वनसंसाधन हक्क, बोलताना आपण सीएफआर म्हणतो.

शनिवारी सकाळची कसारा लोकल पकडून पाड्यांवर मदतीला जाणारे आणि पाड्यावरून येऊन मुंबईत नोकरी करणारे, या दोघांसाठी हे लिहिते आहे. फाईल परत येते ती बहुतेक वेळा त्याच त्या सात-आठ चुकांनी.

तयारी: आधी कॅलेंडर काढा

शहापूर, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळीनंतर निम्मी घरं बंद होतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुंबईच्या सुट्ट्या बघून जानेवारीत ग्रामसभा ठेवली तर गणपूर्ती होणार नाही.

लावणी संपल्यापासून भातकापणी सुरू होईपर्यंतचा काळ ग्रामसभेसाठी धरा. शिमग्याला माणसं गावी येतात, ती दुसरी संधी. जंगलात फिरून हद्द पाहायचं काम मात्र हिवाळ्यात करा. तेव्हा गवत बसलेलं असतं, वाटा दिसतात आणि ज्यांना हद्द माहीत आहे ती म्हातारी माणसं गावातच असतात.

सोबत दोन वह्या घ्या: ग्रामसभेचं पानांवर क्रमांक घातलेलं इतिवृत्त रजिस्टर आणि आवक-जावक वही. सुट्या कागदावरचा ठराव मी एकदा चालवून घ्यायचा प्रयत्न केला होता. वर्षभराने तो कागदच सापडेना आणि त्या पाड्याचं एक अख्खं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं. तेव्हापासून रजिस्टरशिवाय मी बैठकीला बसत नाही.

१. कोणाची ग्रामसभा, हे ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एका गटग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतात. पंचायतीच्या ऑफिसात सगळ्यांची मिळून एक सभा घेतली जाते, एकच समिती नेमली जाते. मग ज्या पाड्याचं जंगल आहे त्याची दोन माणसं आणि रस्त्याकडच्या मोठ्या गावाची दहा, असा तो कारभार होतो.

ग्रामसभा पाड्याची हवी. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत, महसुली नोंद नसलेल्या वाड्या-पाड्यांची यादी पंचायतीने करावी आणि त्यांना या कायद्यापुरतं गाव धरावं, अशी तरतूद आहे. आपला पाडा त्या यादीत आहे का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) लेखी विचारा. नसेल तर यादीत घेण्याचा ठराव आधी करून घ्या.

गणपूर्तीचं गणित तोंडपाठ ठेवा. सगळ्या प्रौढ सभासदांपैकी किमान निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. पाड्याचे सभासद २४० असतील तर १२० हजर, त्यात ४० बाया. दाव्यावर ठराव करायच्या सभेला दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी हजर असावे लागतात.

तपासा: सह्या आणि अंगठे मोजा, स्त्रियांचा आकडा वेगळा लिहा आणि तो ठरावाच्या मजकुरातच घाला. रजिस्टरात सह्या असूनही आकडा लिहिलेला नसला की फाईल तिथेच अडते.

पाडा मुंबईच्याच हद्दीत असेल तर

आरे किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांना ग्रामपंचायत नाही, म्हणून कायदाच लागू नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. कायद्याच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं वनजमिनीतच धरली आहेत आणि शहरी हद्दीतही कायदा लागू होतो, हे केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. पाड्याची सभा बोलवावी आणि समिती नेमावी, असा अर्ज मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

त्याआधी जमिनीची नोंद बघा. आरेची बरीच जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर आहे आणि काही भाग वनखात्याकडे गेला आहे. ज्या तुकड्यावर दावा करायचा तो वनजमीन आहे का, हे सातबारा, मिळकत पत्रिका आणि वनखात्याची अधिसूचना पाहून ठरवा. वारली पाड्यांवरची वाघोबाची ठिकाणं, जुन्या विहिरी, स्मशानाची जागा यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. पुढे पुरावा म्हणून लागतील.

२. वनहक्क समिती

ग्रामसभेने १० ते १५ जणांची समिती निवडायची. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. अध्यक्ष-सचिव समितीने निवडायचे आणि ते उपविभागस्तरीय समितीला कळवायचं. तिचे अध्यक्ष प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, असतात.

मुंबईच्या कार्यकर्त्याने समितीत नाव घालू नये, सचिवही होऊ नये. लिहिणारा हात लागतो हे खरं. तेव्हा पाड्यावरची बारावी झालेली मुलगी शोधा, तिच्या शेजारी बसा आणि तिला लिहू द्या. पुढची दहा वर्षं तीच लिहिणार आहे.

३. पुरावे: इथे मुंबईकराचा खरा उपयोग

दाव्यासोबत नियम १३ मधले किमान दोन पुरावे लागतात. आणा पाच-सहा, वेगवेगळ्या प्रकारचे.

पाड्यावर मिळणारे पुरावे असे: देवराई, वाघदेव, स्मशान, जुनी विहीर, गुरांचं पाणी, चराईची जागा, कंद-भाज्या-औषधी गोळा करायच्या जागा, मासे धरायचा ओढा. प्रत्येकाचा फोटो, जीपीएसचा आकडा आणि त्या जागेचं पाड्यावरचं नाव. नाव जसं बोलतात तसंच लिहा. "नैसर्गिक जलस्रोत क्र. २" असं शुद्ध करून लिहिलं तर पडताळणीच्या वेळी ती जागा कोणालाच ओळखता येत नाही.

वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा मोलाचा पुरावा, पण नियमात तो दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा म्हटला आहे. सामूहिक दाव्यात अख्खा पाडाच दावेदार असतो. म्हणून शेजारच्या गावातल्या दोन-तीन जाणत्यांचे जबाब घ्या: "या पाड्याची माणसं अमुक ओढ्यापासून तमुक टेपापर्यंत राबाचं टहाळ आणि सरपण नेत आली आहेत, मी लहानपणापासून पाहतो." (राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी पाला-फांद्या पसरून जमीन भाजणं, टहाळ म्हणजे त्यासाठी तोडलेल्या पाल्याच्या फांद्या, टेप म्हणजे टेकाड.) शेजाऱ्याचा हाच जबाब पुढे हद्दीच्या वादातही कामाला येतो.

पाड्यावर न मिळणारे कागद काढायला मुंबईत राहणारा माणूस लागतो. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. जंगल राखीव करताना कोणत्या गावाला चराई, सरपण, राब यांच्या सवलती ठेवल्या, याच्या जुन्या नोंदी तिथे शोधा. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे डहाणू किंवा मोखाड्याचा जुना कागद ठाण्याच्या नावाखालीच शोधावा लागतो. जव्हार हे संस्थान होतं, आणि संस्थानी काळातल्या नोंदीही नियमांत पुरावा म्हणून मोजल्या आहेत.

गाव नकाशा आणि वननकाशा यांसाठी आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. नकाशे आणि मतदारयादी ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागस्तरीय समितीचं कामच आहे. ग्रामसभेने लेखी मागितलेल्या कागदांची साक्षांकित प्रत देणंही संबंधित खात्यांवर बंधनकारक आहे. मागणीपत्र द्या, पोच घ्या, महिनाभर थांबा आणि मगच माहिती अधिकार वापरा.

सावधान: गडचिरोलीच्या यशस्वी दाव्याची फाईल मिळवून ती जशीच्या तशी भरू नका. विदर्भातलं निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी नोंद) ठाणे-पालघरच्या गावांना मिळणार नाही, आणि जो कागद जोडलेला नाही त्याचं नाव यादीत राहिलं की अख्ख्या फाईलवर संशय येतो.

४. शिवफेरी आणि नकाशा

मुंबईची मुलं मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडतात, हिरवा भाग दिसेल तिथे रेघ मारतात आणि तिलाच हद्द म्हणतात. असं करू नका. हद्द पायी ठरते, त्यालाच शिवफेरी म्हणतात.

जाणती माणसं, गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया आणि शेजारच्या प्रत्येक गावातले दोघे, असे सगळे मिळून चाला. शेजाऱ्यांना तारीख आठ दिवस आधी लेखी कळवा. बायांना वगळून निघालेली शिवफेरी मी पाहिली आहे. पुरुषांनी मोठी झाडं आणि टेपं दाखवली, पण कंद कुठे खणतात आणि शेवळं कुठे उगवतात, ते सगळे कोपरे नकाशाबाहेर राहिले.

चालताना हद्दीच्या प्रत्येक वळणावर जीपीएस बिंदू घ्या आणि वहीत लिहा: बिंदू क्रमांक, जागेचं नाव, खूण, पलीकडे कोण. घरी आल्यावर वननकाशाशी ताडून कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला) आणि सर्व्हे किंवा गट नंबर लिहा.

दोन गावं एकच जंगल वापरत असतील तर ते लपवू नका. दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापर कसा चालतो ते लिहायचं आणि दोन्ही ग्रामसभांना द्यायचं. तिथे मिटलं नाही तरच प्रकरण उपविभागस्तरीय समितीकडे जातं.

तपासा: नकाशावर शेजारच्या गावांच्या सह्या आहेत का? ज्या बाजूला सही नाही, त्या बाजूनेच हरकत येते.

५. नमुना ब आणि नमुना क

दाव्याच्या अर्जाचे तीन नमुने आहेत. नमुना अ वैयक्तिक कसवणुकीचा. तिथे १३ डिसेंबर २००५ ची अट आणि ४ हेक्टरची मर्यादा आहे. नमुना ब म्हणजे गौण वनोपज (मोह, बांबू असा जंगलातून मिळणारा माल), चराई, मासे, पाणी यांचे वापराचे हक्क. नमुना क म्हणजे जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क.

बहुतेक जण ब भरून थांबतात. मग पाड्याला मोह वेचायचा हक्क मिळतो, पण मोह तोडायला आलेल्याला अडवायचा हक्क मिळत नाही. ज्यासाठी एवढी पायपीट केली तोच हक्क कागदावर येत नाही. ब आणि क दोन्ही भरा, एकाच दिवशी. नमुना क ला ४ हेक्टरची मर्यादा नाही, तेव्हा भीतीपोटी क्षेत्र कमी लिहू नका. आणि न वापरलेलं जंगल लोभापायी आत ओढूही नका.

६. पडताळणी

वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहायचं आणि त्याची पूर्वसूचना वनखात्याला द्यायची. वनक्षेत्रपाल आणि तहसीलदार या दोघांना तारीख, वेळ, जमायची जागा लिहून पत्र द्या. नियमांप्रमाणे दोन्ही खात्यांच्या माणसांनी हजर राहून, हुद्दा आणि तारीख घालून पंचनाम्यावर सही करायची आहे. हरकत असेल तर तीही तिथेच लिहायची.

कोणी आलं नाही तर काम थांबवू नका. गैरहजेरीची नोंद करा, पत्राची पोच जोडा, दुसरी तारीख द्या. पंचनामा जागेवरच लिहा आणि जागेवरच वाचून दाखवा. फोनवर दिलेला निरोप कितीही आपुलकीचा असला तरी फाईलमध्ये लागत नाही.

७. ठराव आणि दाखल करणं

समितीचा अहवाल ग्रामसभेपुढे वाचायचा, नकाशा भिंतीवर लावायचा, हरकती विचारायच्या, मग ठराव. गणपूर्ती पुन्हा मोजा. मूळ रजिस्टर ग्रामसभेकडेच ठेवा आणि प्रांत ऑफिसला साक्षांकित प्रती द्या. पानांवर क्रमांक, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. पोचपावतीवर "एकूण पाने इतकी" असं लिहून घ्या. नंतर एखादं पान हरवलं तर हाच पुरावा.

८. फाईल परत आली किंवा नाकारली गेली तर

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही अपुरं वाटलं तर वरच्या समितीने दावा नाकारायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचारासाठी परत पाठवायचा, असं २०१२ ची दुरुस्ती सांगते. परत आलेली फाईल दुरुस्त करून द्या, घाबरू नका.

नाकारली असेल तर आधी कारणांसह लेखी आदेश मागा. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची. उपविभागस्तरीय समितीच्या वर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती असते. "उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही" एवढंच कारण दिलं असेल तर नियम १२ अ दाखवा: उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पाड्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय अर्ज निकाली काढता येत नाही. सुनावणीला पाड्याची माणसं बोलतील, तुम्ही मागे बसा.

९. अधिकारपत्र हातात आल्यावर, पेढे वाटण्याआधी

चार गोष्टी बघा. धारक म्हणून ग्रामसभेचं नाव आहे की वनखात्याच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीचं? क्षेत्र आणि कक्ष क्रमांक दाव्यातलेच आहेत का? कायद्यात नसलेल्या अटी घातल्यात का? नकाशा जोडलाय का? एकही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा. सत्काराचे फोटो निघाल्यावर दुरुस्ती मागायला लोक संकोचतात.

१०. आता जंगल राखायचं आणि त्यावर घर चालवायचं

ग्रामसभेने संरक्षणासाठी समिती नेमायची आणि व्यवस्थापन आराखडा करायचा. आराखडा मुंबईत लॅपटॉपवर लिहून पाड्यावर नेऊ नका. पाड्याला ऋतू ठाऊक आहेत, तिथून सुरुवात करा.

वणवा सगळ्यात आधी. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळायच्या सुमाराला जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) साफ करा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची सवय अजून आहे. तीच आग पुढे डोंगर चढते. बुंध्याभोवती झाडून घ्यायचं आणि खाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरायच्या. फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भावही बरा येतो. मुंबईच्या मंडळाने रोपांचे पैसे या जाळ्यांवर आणि जाळरेषेच्या मजुरीवर घालावेत, असं मी प्रत्येकाला सांगते.

राबासाठी टहाळ किती आणि कुठलं तोडायचं, हे ग्रामसभेने ठरवावं. ज्यांना जमेल त्यांनी भाताची रोपं राब न करता गादीवाफ्यावर करून पाहावीत. एका वर्षी दोन-तीन घरांनी केलं की बाकीची स्वतः येऊन बघतात. सरपणासाठी वाळलेली लाकडं आधी, ओलं तोडायचं नाही, एवढा एकच नियम पहिल्या वर्षी पुरे. दहा नियम केले तर एकही पाळला जात नाही.

विकायच्या मालाचा परवाना विसरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने द्यायचा आहे आणि बांबू कायद्यानेच गौण वनोपजात येतो. पुस्तक छापून घ्या, नमुना सही वनक्षेत्रपालांना आधीच कळवा. नाहीतर पहिलीच गाडी नाक्यावर अडेल.

मोजणी पहिल्याच वर्षी करा. जंगलात २० मीटर बाय २० मीटरचे काही चौकोन निवडा, कोपऱ्यांवर दगड रोवा, जीपीएस लिहा. आतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर नोंदवा. खुंटांना फुटलेले कोंब वेगळे मोजा. तोडलेलं जंगल जगतंय की मरतंय, ते कोंबच आधी सांगतात. कार्बनचा हिशेब समजायला एवढं पुरे: १०० किलो वाळक्या लाकडात साधारण ४७ किलो कार्बन असतो, आणि ते जळालं तर सुमारे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो.

सावधान: अधिकारपत्र मिळाल्याची बातमी पसरली की कार्बन क्रेडिटचा (जंगलाने साठवलेल्या कार्बनच्या हिशेबावर विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा) करार घेऊन माणसं येतात. लगेच सही नको. करार किती वर्षांचा, चराई आणि सरपणावर बंदी येते का, क्रेडिट विकल्यावर हिशेब कोण दाखवणार, मधूनच बाहेर पडायचं असेल तर काय, हे मराठीत लिहून मागा आणि पूर्ण गणपूर्तीच्या ग्रामसभेत वाचा. जंगल वाचवून उत्सर्जन कमी करायच्या रेड प्लस या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतही, २०१० साली कानकूनला ठरलेल्या दंडकांनुसार, स्थानिकांचा पूर्ण आणि परिणामकारक सहभाग लागतो. एकट्या सरपंचाची किंवा अध्यक्षाची सही म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे.

मोजणीची वही दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच चौकोनांत भरायची. रजिस्टर, नकाशा, अधिकारपत्र आणि ही वही यांच्या तीन प्रती करा. एक पाड्यावर पत्र्याच्या पेटीत, एक शेजारच्या पाड्यावर विश्वासाच्या घरी, एक मुंबईत तुमच्याकडे. मुंबईची प्रत पावसाळ्याआधी स्कॅन करून घ्या.